यादीतली कुत्री

12 मार्च 2024 रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने सगळ्या राज्यांना एक पत्र पाठवलं. माणसाच्या जिवाला धोका असलेल्या कुत्र्यांच्या 23 जाती त्यात नावानिशी दिल्या होत्या. त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, त्यांना परवाने देऊ नका, ज्यांच्या घरी ही कुत्री आधीपासून आहेत त्यांना नसबंदी करून घ्यायला लावा, असा पत्राचा आशय. दिल्लीहून निघालेलं हे पत्र बडोद्याच्या मांडवीत मोबाइलवरून पोचेपर्यंत पार वेगळं झालं होतं. 'बंदी आलीय, आता कॉर्पोरेशनची गाडी येणार आणि उचलून नेणार' असं आम्हाला दुधाच्या दुकानावर कळलं. सांगणाऱ्याच्या आवाजात सहानुभूती होती, पण थोडी सुटकाही होती. आमच्या घरी रॉटवायलर आहे. तिचं नाव बुंदी.

ती यादी शांतपणे वाचली तर हसू येतं. तिच्यात 'टोसा इनू' आहे आणि पुढे 'जपानी टोसा'ही आहे. दोन्ही एकच कुत्रं. दक्षिण आफ्रिकेचा बोअरबोल एकदा स्वतंत्र येतो आणि पुन्हा मॅस्टिफांच्या कंसात किंचित वेगळ्या स्पेलिंगने येतो. एका ठिकाणी नुसतं 'टेरियर' असं लिहिलंय. टेरियर ही एक जात नाही, ते मोठं कुळ आहे. हातातल्या पिशवीत मावणारा, केसांना रिबीन बांधलेला यॉर्कशायर टेरियरही त्यातलाच. म्हणजे यादी शब्दशः पाळायची तर तोही माणसाच्या जिवाला धोका. 10 एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने आणि 16 एप्रिलला दिल्ली उच्च न्यायालयाने हे पत्र रद्द केलं. ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांचं म्हणणं ऐकूनच घेतलेलं नाही, हा मुख्य आक्षेप होता. पत्र रद्द झालं, पण ते व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलणाऱ्यांपैकी कुणीही रद्द झाल्याची बातमी पुढे ढकलली नाही.

मांडवी म्हणजे बडोद्याच्या जुन्या गावाचा मध्य. चारी बाजूंना तीन-तीन कमानी असलेला तो चौकोनी मंडप आणि तिथून चार दिशांना लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चार दरवाजांकडे जाणारे रस्ते. गायकवाडांच्या मागोमाग आलेली मराठी घरं या रस्त्यांच्या आसपासच्या पोळांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यातली बरीच आता नव्या वस्तीत गेली, काही अजून आहेत. पोळ म्हणजे समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या आपल्या स्वयंपाकघरात मोजता येतील इतकी अरुंद गल्ली. ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं, भिंतीला टेकवलेल्या स्कूटर, मधोमध रवंथ करणारी गाय, शाळेतून धावत येणारी पोरं. इथे मोठं कुत्रं घेऊन निघालं आणि समोरून कुणी आलं की दोघांपैकी एकाला ओट्यावर चढावंच लागतं. बंगल्यातल्या कुत्र्याला फाटक असतं, पोळातल्या कुत्र्याला शेजारी असतात. त्यामुळे इथे गैरसमज दुरून होत नाही, अगदी हातभर अंतरावरून होतो.

"करडशे तो नहीं ने?" हा आम्हाला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. चावणार तर नाही ना? तो विचारणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे, कारण ते विचारतात तरी. न विचारता मुलाचा हात खसकन ओढणारे, 'हीच ती टीव्हीवरची' म्हणून बोट दाखवणारे आणि वरून दगड भिरकावून ती काय करते ते पाहणारे वेगळे. बडोद्याच्या मराठी घरांत दत्तभक्ती खोलवर आहे, नारेश्वर आणि गरुडेश्वर दोन्ही जवळच. गुरुवारी ज्या तसबिरीला हार घालायचा तिच्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. तरीही हार घेऊन निघालेले काका बुंदी दिसली की गल्ली बदलतात. मी त्यांना दोष देत नाही. तसबिरीतली कुत्री 42 किलोंची नसतात.

कारण भीती खोटी नाही, आणि कुत्र्यावर प्रेम करणाऱ्यांनी पहिल्यांदा हे कबूल करायला हवं. जुलै 2022 मध्ये लखनौत घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात एका वृद्ध बाईंचा मृत्यू झाला. ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यात हणजूणला सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात गेला. मे 2025 मध्ये अहमदाबादच्या हाथीजण भागात मालकाच्या ताब्यातून सुटलेल्या रॉटवायलरने चार महिन्यांच्या बाळाचा जीव घेतला. अहमदाबाद आमच्यापासून दोन तासांवर. त्या आठवड्यात पोळातली माणसं आमच्याशी नेहमीसारखी बोलली, पण अंतर ठेवून. त्यांच्या जागी मी असतो तर मीही ठेवलं असतं. अशा वेळी 'आमची तशी नाही हो' हे मालकाचं वाक्य अगदी निरुपयोगी असतं. ज्यांच्या कुत्र्याने जीव घेतला त्यांनीही आदल्या दिवशी हेच सांगितलं असतं.

मग जातीचा प्रश्न उरतोच. अमेरिकेत 1979 ते 1998 या काळातल्या कुत्र्यांच्या हल्ल्यातल्या मृत्यूंचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. ज्यांत कुत्र्याची जात नोंदली गेली होती अशा 238 मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक प्रकरणांत पिटबुल प्रकारची कुत्री किंवा रॉटवायलर होते. बंदीची मागणी करणारे हा आकडा सांगतात, आणि तो खरा आहे. त्याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी मांडल्या, त्या मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. या मृत्यूंमध्ये किमान 25 जातींची कुत्री होती. आणि प्रत्येक जातीची एकूण कुत्री किती आहेत हेच माहीत नसल्याने कोणती जात जास्त चावते याचं प्रमाण काढता येत नाही. आपल्याकडे 2024 मध्ये कुत्रा चावल्याच्या सुमारे 37 लाख घटना सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. यातल्या बहुतेकांना चावलेलं कुत्रं यादीतलं नव्हतं, हे सांगायला अभ्यास नको, मांडवीतून रात्री भटक्या कुत्र्यांमधून स्कूटरवरून जाणं पुरे.

2022 च्या एप्रिलमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेलं संशोधन या वादात मला सगळ्यात उपयोगी वाटतं. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना कुत्र्याच्या वागण्याबद्दल प्रश्न विचारले गेले आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकीय आराखडा तपासला गेला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं उत्तर जातीतून जेमतेम नऊ टक्के मिळतं, असं दिसलं. वस्तू शोधून आणणं, हाक मारल्यावर येणं अशा काही गुणांत जातीचा वाटा बऱ्यापैकी आहे. पण एखादं कुत्रं किती लवकर चिडेल हे त्याच्या जातीवरून सांगणं जवळपास अशक्य. याचा अर्थ जात काहीच सांगत नाही असा नाही. जात शरीर सांगते. पॉमेरेनियन चिडला तर पायजमा फाटतो. रॉटवायलर चिडला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. म्हणजे राग कुणालाही येऊ शकतो, किंमत मात्र जबड्याप्रमाणे मोजावी लागते. यादी करणाऱ्यांनी ही किंमत पाहिली आणि तिलाच स्वभाव समजले.

स्वभावाची ही कल्पना कुठून आली ते पाहायला इंग्लंडला जावं लागतं. तिथे बैलाला खुंटाला बांधून त्याच्यावर कुत्री सोडायचा खेळ लोकप्रिय होता. 1835 च्या कायद्याने तो बंद झाला. मग जुगारी लोकांनी कुत्र्यांनाच एकमेकांशी लढवायला सुरुवात केली. बैल लपवता येत नाही, कुत्रं तळघरात लढवता येतं. बुलडॉग आणि टेरियर यांच्या संकरातून त्यासाठी जे कुत्रं तयार झालं त्याचा वंश पिटबुलपर्यंत येतो. रॉटवायलरची कहाणी मात्र सरळ कामकऱ्याची आहे. जर्मनीतल्या रॉटवाईल या गावचे खाटीक गुरं हाकायला आणि मांसाच्या गाड्या ओढायला ही कुत्री ठेवत. गुरं आगगाडीने जायला लागली तेव्हा कुत्र्यांचा रोजगार गेला आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती जवळजवळ नाहीशी झाली. 1910 मध्ये जर्मनीत पोलिसी कामासाठी त्यांना मान्यता मिळाली म्हणून ती टिकली. टीव्हीवर दिसणारा रॉटवायलर गुंडाच्या बंगल्याचा पहारेकरी असतो. मुळात तो गाडी ओढणारा.

प्राण्याला लढायला लावून मग त्यालाच लढाऊ म्हणायचं, यात आपणही मागे नव्हतो. मांडवीतून पाणीगेटकडे गेलं की अगडाचा परिसर लागतो. गायकवाडी काळात तिथे साठमारी चालायची. मस्तीत आलेल्या हत्तीला आखाड्यात सोडायचं, साठमारांनी त्याला भाले आणि फडकी दाखवून डिवचायचं आणि तो धावून आला की भिंतीतल्या अरुंद दारांतून निसटायचं. हत्ती आत शिरू शकत नाही, एवढीच माणसाची सोय. खंडेराव गायकवाडांच्या काळातल्या या खेळांचं वर्णन 1860 च्या दशकात इथे आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलंय. गायकवाडांचे हत्ती एरवी मिरवणुकीतही निघत आणि लोक त्यांना नारळ देत. साठमारी पाहिलेल्या कुणी हत्ती ही जात यादीत टाका असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. हत्ती देवाचा. कुत्र्याच्या वाट्याला ही सवलत आली नाही.

यादीतली नावं काळानुसार बदलत आलीत, हेही विसरू नये. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जर्मन शेफर्डचा इतका तिटकारा होता की तिथल्या केनेल क्लबने त्याच्या नावातून जर्मनी काढून टाकली. आपले आजोबा ज्याला अल्सेशियन म्हणायचे तो हाच. ऑस्ट्रेलियाने 1929 मध्ये त्याची आयातच बंद केली, कारण तो लांडग्याच्या रक्ताचा आणि मेंढ्या मारणारा आहे अशी ओरड होती. आज तोच पोलिसांचा लाडका आणि केंद्राच्या यादीत त्याचं नावही नव्हतं. इंग्लंडच्या 1991 च्या कायद्याने पिटबुल, टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांवर बंदी आली. पुढे ज्यांना दांडगं कुत्रं हवंच होतं त्यांनी एक्सएल बुली नावाचा नवा प्रकार वाढवला आणि फेब्रुवारी 2024 पासून त्यालाही परवान्याशिवाय ठेवणं गुन्हा झालं. नेदरलँड्सने पिटबुलबंदी पंधरा वर्षं चालवून मागे घेतली. ज्या माणसाला दहशत पाहिजे त्याला जात बदलायला वेळ लागत नाही.

त्यामुळे खरी गोष्ट घडते ती कुत्र्याच्या पहिल्या काही महिन्यांत. पिल्लाच्या तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात जग म्हणजे काय हे ठरतं. या काळात त्याने जे आवाज, जी माणसं, जी वाहनं सुखाने पाहिली ती त्याला आयुष्यभर ओळखीची वाटतात. न पाहिलेली, धोक्याची. आपल्याकडे पिल्लं चार-पाच आठवड्यांची झाली की गोंडस दिसतात म्हणून विकली जातात, म्हणजे आई आणि भावंडांकडून चावण्याचा जोर आवरायला शिकण्याआधीच. विकणारा शेपूट कापून देतो, कारण गिऱ्हाइकाला 'तसाच' रॉटवायलर हवा असतो. रॉटवायलरच्या मायदेशी, जर्मनीत, 1998 पासून शेपूट कापायला बंदी आहे. शेपूट हा कुत्र्याचा बोलायचा अवयव. तो कापला की समोरच्या कुत्र्याला आणि माणसाला त्याचं मन कळणं अवघड होतं. घरी आणल्यावर ते पिल्लू गच्चीवर बांधलं जातं, 'माणसाळलं तर राखण कशी करेल' म्हणून बाहेर काढलं जात नाही. दीड वर्षाने साखळी तुटते आणि सगळे म्हणतात, जातच वाईट.

कुत्रं सहसा न सांगता चावत नाही. अंग ताठ होतं, उघडं तोंड एकदम मिटतं, जीभ ओठांवरून फिरते, मान फिरते पण डोळ्यांचा पांढरा भाग आपल्याकडे राहतो. मग गुरगुर. बहुतेक मालक नेमके इथे चुकतात आणि गुरगुरल्याबद्दल मारतात. त्यातून कुत्रं एकच शिकतं, सांगायचं नाही. पुढच्या वेळी ते सरळ चावतं. गुरगुरणारं कुत्रं आपल्याला वेळ देत असतं. तो घ्यावा, मूल उचलावं, बाजूला व्हावं. लहान मूल आणि कुत्रं कधीही एकटं ठेवू नये, मग ते कुत्रं कुठल्याही जातीचं असो.

पोळात राहायचं तर मालकाने कायद्यापेक्षा जास्त पाळावं लागतं, असं माझं मत आहे. बुंदीला मुसकं घालून बाहेर नेतो. मुसकं म्हटलं की मराठी माणसाला मळणीचे बैल आठवतात, आणि कुत्र्यासाठी चांगलं मुसकं तसंच हवं, जाळीचं, आत तोंड उघडता येईल आणि पाणी पिता येईल असं. दुकानात मिळणारी नायलॉनची घट्ट पट्टी मे महिन्याच्या बडोद्यात जीव घेऊ शकते, कारण कुत्रं धापा टाकूनच अंग थंड करतं आणि पट्टी नेमकी धाप बंद करते. आत पनीरचा तुकडा ठेवून हळूहळू सवय लावली की ते स्वतःच तोंड पुढे करतं. काही प्राणिप्रेमी मंडळी याला नाकं मुरडतात, चांगल्या कुत्र्याला कशाला, म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. मुसकं दिसलं की समोरच्या बेनचे खांदे सैल होतात, त्यांचे खांदे सैल झाले की बुंदीचेही होतात.

फिरायची वेळ पहाटेची. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर काळ्या, दाट केसांच्या कुत्र्याला दगडी फरशीवर चालवणं क्रूरपणा आहे. उत्तरायणाच्या आधी-नंतर गल्लीत मांजाची गुंतवळ पडलेली असते, ती पंज्यांत अडकून कातडी कापते. दिवाळीत, आणि देवउठी एकादशीला विठ्ठलनाथजींचा वरघोडा म्हणजे मिरवणूक निघते तेव्हाही, बँड आणि फटाके असतात, त्या दिवशी कुत्र्याने आतल्या खोलीतच असावं. घाबरलेलं कुत्रं हे चिडलेल्या कुत्र्यापेक्षा कमी धोक्याचं नसतं. पोळातल्या पोरांना आम्ही दोनच नियम शिकवले. आधी विचारायचं, आणि पळायचं नाही. पळणाऱ्याचा पाठलाग करणं हा कुत्र्याचा फार जुना स्वभाव, त्यात राग असतोच असं नाही. मुलं हे मोठ्यांपेक्षा पटकन शिकली. आता तीच पाहुण्यांना सांगतात, "पूछीने अडजो." विचारून हात लावा.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही. त्याच वेळी भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये याची खबरदारी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. पहिलं सगळ्या कुत्रेवाल्यांना पाठ असतं. दुसरं मी एकाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी, हळद-तिखट लावू नये आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. कुत्रं लस दिलेलं असलं तरी.

यादीने एक नुकसान मात्र नक्की केलं. जबाबदार माणूस अशी जात पाळायला कचरू लागला आणि ज्याला दहशतीचीच हौस होती त्याला यादीतलं नाव म्हणजे प्रमाणपत्र वाटलं. उरलेल्यांपैकी काहींनी भीतीपोटी कुत्री रस्त्यावर सोडली. नसबंदी न झालेलं, उपाशी, माणसांनी टाकलेलं मोठं कुत्रं शहरात मोकळं फिरणं, हा पिटबुल घरात असण्यापेक्षा किती तरी मोठा धोका आहे. परवाना द्यायचा असेल तर तो पैदास करणाऱ्याला आणि पाळणाऱ्याला द्यावा आणि तपासून द्यावा: पिल्लू आठ आठवड्यांआधी विकलं का, लसी झाल्या का, जागा किती, आधीची तक्रार आहे का. जातीचं नाव त्या फॉर्ममध्ये एक ओळ असेल, अख्खा फॉर्म नव्हे.

तुम्ही पोळात किंवा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत असाल आणि रॉटवायलर आणायचा विचार करत असाल, तर आधी पिल्लाची आई पाहायला जा. विकणारा आई दाखवत नसेल तर उठून या. रोज पहाटे आणि रात्री वेळ देता येणार नसेल, शेजाऱ्यांशी बोलायची तयारी नसेल, तर आणू नका. आणि त्याऐवजी लॅब्राडॉरही आणू नका.